बाटल्यांच्या कापडाचं पुणं

पुण्याला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या यवतमाळात दोन गोष्टी हमखास विचारतात. पोरगी कोणत्या कंपनीत आहे, आणि शनिवारवाडा पाहिला का. मला दोन्हींची धड उत्तरं देता येत नाहीत. माझी मुलगी कंपनीत नाही, आणि शनिवारवाड्यावरून रिक्षा गेली तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी पाहून आलो त्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. त्या गोळा कशा होतात, धुतल्या कशा जातात आणि शेवटी माणसाच्या अंगावर कशा चढतात, हे सगळं नाही तरी बरंचसं पाहिलं. तोंडी सांगायला गेलो की लोक हसतात, म्हणून लिहायला बसलो. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आधी मीही हसलो होतो.

आमचं सुती कापडाचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून सुतीशिवाय दुसरं काही विकणं मला कायम कमीपणाचं वाटत आलं. टेरिकॉटची लाट आली तेव्हा शेजारचे दुकानदार बदलले, आम्ही जागचे हललो नाही. अशा घरातल्या मुलीने, आमच्या स्नेहलने, पुण्यात प्लास्टिकच्या बाटल्यांपासून कपडे करायचा धंदा काढला. त्यावर नातेवाईक काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण त्यातले बरेच जण हे वाचतील. तिच्या कपड्यांचं नाव इंग्रजी आहे. ते माझ्या तोंडात बसत नाही, त्यामुळे तेही लिहीत नाही.

धंदा दोन मैत्रिणींनी मिळून काढला होता. त्यातली एक नोकरीला लागून बाजूला झाली आणि स्नेहल एकटी उरली. मध्यंतरी तिचा फोन आला. नारायण पेठेतल्या एका जुन्या शाळेला मुलांचा खेळाचा गणवेश बदलायचा होता आणि नमुना घेऊन तिला बोलावलं होतं. हे काम मिळालं तर धंदा तरतो, नाही मिळालं तर बंद करते आणि घरी येऊन तुमच्या गादीवर बसते, असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. माझ्यानंतर दुकानात बसायला कोणी नाही. बायकोला म्हणालो, पोरीला धीर द्यायला जातो. मनात होतं तिला सोबत घेऊनच यायचं. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि तिने डब्यात जरा जास्तच दशम्या भरल्या.

कर्वेनगर

रात्रभराच्या गाडीने अंग आंबवून सकाळी कर्वेनगरला पोचलो. एका सोसायटीच्या तळमजल्यावर स्नेहलच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल आणि कापडाचे तागे, मागच्या खोलीत तिची कॉट आणि गॅस. दोन बाया शिवायला येतात, त्या अजून यायच्या होत्या. स्नेहल वाळली होती. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "बाबा, आल्या आल्या सुरू नका करू."

नाश्त्याला पोहे होते. आमच्याकडे पोह्यांवर चण्याच्या तिखट रश्श्याची तर्री नसेल तर माणूस घरात भांडण झालंय का म्हणून विचारतो. इथे वरून ओलं खोबरं, लिंबू आणि आत चिमूटभर साखर. मी निमूटपणे खाल्ले आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा मागून घेतले.

पोहे संपत होते तोच दारात वरच्या मजल्यावरचे एक आजोबा उभे. हातात पिशवी, पिशवीत रिकाम्या बाटल्या.

"या धुतलेल्या आहेत," ते स्नेहलला म्हणाले. "मागच्या वेळच्याही धुतलेल्याच होत्या. पण कोणी काही म्हणालं नाही."

"सॉरी आजोबा. थँक यू. हे माझे बाबा, यवतमाळहून आलेत."

"अच्छा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुलगी दिवसभर कामात असते. मशीनचा आवाज होतो. आम्ही काही बोलत नाही." एवढं बोलून ते गेले.

आमच्याकडे असा माणूस आधी आत येऊन बसला असता, चहा प्यायला असता, आमची जमीन किती ते विचारलं असतं आणि बाटल्या आणायला विसरला असता. स्नेहल म्हणाली, हे आजोबा सोसायटीतल्या सगळ्या मजल्यांवरून बाटल्या जमवतात आणि कोणी न धुता दिली तर परत पाठवतात. हे ऐकल्यावर माझं त्यांच्याबद्दलचं मत सुधारलं.

मग मी कापडाकडे वळलो. माझी पद्धत ठरलेली आहे. चिमटीत धरायचं, चोळायचं, मुठीत चुरगाळून सोडायचं आणि शेवटी एक धागा ओढून जाळून पाहायचा. सुती धागा जळून राख होतो, दुसरं काही असेल तर वितळून गोळी होते. मी काडेपेटी शोधायला लागलो तर स्नेहलनेच ती पुढे केली.

"जाळा. गोळीच होणार आहे. माझं काही खोटं नाही त्यात."

गोळीच झाली. पण जाळायच्या आधी हाताला जे लागलं त्याने मी गोंधळलो होतो. तुळतुळीत नव्हतं, चमक नव्हती, अंगठ्याखाली सुतासारखा बारीक खरखरीतपणा होता. चोळून चोळून मी चूक शोधत राहिलो आणि ती सापडेना, याचा मला चक्क राग आला. स्नेहल समजावून सांगत होती की बाटलीचा धागा लांबच लांब ओढला तर चमकतो, पण कापसासारखे आखूड तंतू करून त्याचं सूत कातलं की असं होतं. मी हूं हूं करत होतो. ताग्यांमध्ये एक फिका हिरवा तागा होता. त्याला रंग दिलेलाच नाही म्हणाली. हिरव्या बाटल्या वेगळ्या काढल्या की कापड हिरवंच निघतं. आमच्या धंद्यात रंगाऱ्याशी भांडण्यात निम्मं आयुष्य जातं, त्यामुळे ही गोष्ट मला मनापासून आवडली.

दुपारी ती मला जवळच्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. घराघरांतून कचरा नेणाऱ्या बाया तिथे बसून माल निवडतात. मोठ्या शहराच्या कचऱ्याचं दर्शन म्हणून मी रुमाल नाकाशी धरूनच शिरलो आणि जरा वेळाने तो गुपचूप खिशात घातला, कारण तिथे वास आमच्या भाजीबाजारापेक्षा जास्त नव्हता. बाया गोल करून बसल्या होत्या. बाटली उचलायची, टोपण काढायचं, मानेचं कडं कापायचं, कागद सोलायचा आणि न बघता मागच्या पोत्यात टाकायची. पांढरी एका पोत्यात, हिरवी दुसऱ्यात, तेलाची बाहेर. हात चालू आणि गप्पाही चालू. त्यातल्या सुमनताईंच्या अंगात केशरी कोट होता.

"हा हिनंच शिवलाय," त्या स्नेहलकडे हात करून म्हणाल्या. "आमी उचललेल्या बाटल्या आमच्याच अंगावर. थंडीत झ्याक हाय. मे महिन्यात काढून ठेवते, लई उकडतं त्यात."

"उकडतं ना?" मी स्नेहलकडे पाहून म्हणालो. मला तेवढंच हवं होतं.

"उकडतं," स्नेहल शांतपणे म्हणाली. "म्हणून यांचे उन्हाळ्याचे कोट जाळीदार करतेय."

उन्हामुळे मी येताना विकत घेतलेली पाण्याची बाटली पिशवीतून काढून प्यायलो. अर्धीच झाली होती तर सुमनताईंनी हात पुढे केला. मला वाटलं त्यांना तहान लागली आहे, म्हणून दिली. त्यांनी उरलेलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं, टोपण काढलं, कडं कापलं आणि बाटली मागे भिरकावली. माझा हात तसाच पुढे राहिला. बायांमध्ये हशा पिकला आणि मग एकीने मला माठातलं थंडगार पाणी तांब्याभर आणून दिलं. इथे बसल्यावर बाटली हातात धरून ठेवणं म्हणजे जेवण झाल्यावर ताट धरून बसण्यासारखं आहे, हे मला उमगलं.

शेडच्या मागे दाबलेल्या बाटल्यांच्या गाठी रचल्या होत्या. आमच्याकडे जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधतात, त्याच मापाच्या, तशाच पट्ट्यांनी आवळलेल्या. मी त्या गाठीवर थाप मारून पाहिली. लहानपणापासून रुईच्या गाठींवर थाप मारत आलो आहे, हात आपोआप गेला.

लोणी काळभोर

दुसऱ्या दिवशी त्याच गाठी घेऊन टेम्पो लोणी काळभोरला निघाला आणि आम्ही बाप-लेक ड्रायव्हरशेजारी कोंबून बसलो. सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत पुणं संपतं असं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. उंच इमारती, मग ऊस, मग कॉलेजची कमान, मग पुन्हा ऊस. ड्रायव्हर पूर्ण रस्ताभर फोनवर बायकोशी कोणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होता. हडपसरनंतर मुलाचं नाव ठरलं, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं.

गावाच्या कडेला दत्ताभाऊंचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द मोठा झाला. उसाच्या फडाला लागून पत्र्याचा मोठा गाळा, त्यात दळायचं यंत्र, गरम पाण्याच्या टाक्या आणि वाळवायची सोय. दत्ताभाऊ पन्नाशीचे, पांढरी टोपी, पायात गमबूट.

"या की पावनं. यवतमाळ म्हंजी कापसाचं गाव. आमच्याकडं कापूस न्हाय, पर धागा हाय," म्हणून त्यांनी हात जोडले.

गाठ फोडून बाटल्या यंत्रात गेल्या की त्यांचे तुकडे होतात. ते तुकडे पाण्याच्या लांब हौदात पडतात. इथे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. एखादं टोपण चुकून राहिलं असेल, कड्याचा तुकडा असेल, तर तो वर तरंगतो, आणि बाटलीचा तुकडा तळाशी जातो. कोणी निवडत नाही. पाणीच निवडतं. निळे, लाल, पिवळे ठिपके वरून वाहत निघून जातात आणि खाली पांढरंशुभ्र राहतं. मी हौदाच्या काठावर बराच वेळ उभा होतो. दत्ताभाऊंनी मला दोनदा चहाला बोलावलं आणि शेवटी चहा तिथेच आणून दिला.

गरम पाण्यातून, सोड्याच्या खारातून धुऊन वाळलेले तुकडे त्यांनी माझ्या ओंजळीत घातले. जाड मिठासारखे दिसत होते. कसलाही वास नव्हता. आदल्या दिवशी सुमनताईंच्या मागच्या पोत्यात पडलेली चिकट, चेपलेली, कोणाकोणाच्या तोंडाला लागलेली बाटली ती हीच, हे पटायला वेळ लागला. मी तोंडावर तसं म्हणून टाकलं की हे फार मोठं काम आहे. स्नेहलने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिच्या कामाबद्दल माझ्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द होता.

अर्थात मी दुकानदार आहे, लगेच खोड काढली. एवढं पाणी वापरता, ते जातं कुठे, म्हणून विचारलं. दत्ताभाऊंनी मागे नेऊन टाक्या दाखवल्या. गाळून, निवळून तेच पाणी पुन्हा वापरतात. "उसात सोडलं आस्तं तर माजाच भाऊ कुदळ घिऊन आला आस्ता. फड त्याचा हाय," ते म्हणाले. गाळून जो गाळ उरतो त्याचं काय करायचं हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

जेवण त्यांच्या घरून आलं. बाजरीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. आमच्या मानाने ठेचा सौम्य म्हणायचं मी ठरवून आलो होतो. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि तो बेत रद्द केला. भाकरीवर घरचं लोणी होतं. वहिनींनी गाळ्याच्या दारात उभं राहून दोनदा विचारलं, "पोटभर जेवला न्हवं?" यवतमाळपासून इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदा कोणी असं विचारत होतं, मी आणखी अर्धी भाकरी घेतली.

हे तुकडे इथून पोत्यांतून बाहेरच्या राज्यात जातात. तिथे त्यांचं सूत निघतं, कापड विणलं जातं आणि तागा होऊन कर्वेनगरला परत येतो. तेवढं पाहायला माझ्याकडे वेळ नव्हता. परत येताना टेम्पो रिकामा होता, खडखडाट फार होत होता. मी स्नेहलला विचारलं, "लोकं म्हणतात हे कापड धुतलं की त्यातून प्लास्टिकचाच भुगा निघते. खरं हाय का?"

"खरं आहे," ती म्हणाली. "बारीक तंतू निघतात. मी धुवायला जाळीची पिशवी देते, कमी निघतात. बंद होत नाहीत. मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, बाबा."

दुसऱ्या कोणी विक्रेत्याने तीन कारणं सांगितली असती. हे काम बंद पडू नये, असं मला त्या टेम्पोत पहिल्यांदा वाटलं, आणि मग ही कधीच घरी येणार नाही, हेही पाठोपाठ वाटलं. दोन्ही गोष्टी पुण्यापर्यंत माझ्यासोबत आल्या.

नारायण पेठ

शाळेत जायच्या दिवशी सकाळी स्नेहल आंघोळीला गेली होती. नमुन्याचा एकच जोड होता, हिरवट सदरा आणि गडद विजार. टेबलावर घडी घालून ठेवला होता आणि सदऱ्याच्या छातीवर घडीची रेघ पडली होती. आमच्या दुकानात वडिलांचा नियम होता की गिऱ्हाइकासमोर इस्त्रीशिवाय कापड टाकायचं नाही. मला वाटलं, पोरीला तेवढीच मदत. शिवायच्या मशीनशेजारी इस्त्री होती. ती पूर्ण तापवली, ओलं बोट लावून चर्र आवाज आला का पाहिलं, सदऱ्यावर पाण्याचा हबका मारला आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे इस्त्री दाबून ठेवली. जिंदगीभर असंच केलं आहे. इस्त्री पुढे सरकेना. उचलली तर कापड तिच्यासोबत वर आलं.

सुटलं तेव्हा छातीवर इस्त्रीचा अख्खा आकार उमटला होता, चकाकणारा आणि आकसलेला. खोलीत जळका वास भरला. स्नेहल ओल्या केसांनी बाहेर आली. तिने सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओरडा खायला तयार होतो. ती ओरडली नाही.

"बाबा, मुद्दाम नाही ना केलं?"

मुद्दाम केलं नव्हतं. पण नाही म्हणायला मला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त लागला आणि तिने ते पाहिलं. "नाई वं पोरी," मी म्हणालो. तिने मान हलवली. दुसरा सदरा शिवायला वेळ नव्हता. तिने विजारीसोबत तो जळका सदराही पिशवीत घातला आणि म्हणाली, "चला, उशीर होईल." रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिच्या मनात तसं आलं याचं मला फार लागलं, आणि तिचं चुकलं म्हणायला जागा नव्हती, याचं त्याहून जास्त.

नारायण पेठेतले रस्ते आमच्या दुकानाच्या बोळासारखेच, फक्त इथे कोणी हाक मारून बोलावत नाही. शाळेची इमारत दगडी. दाराशी शिपायाने आमची चौकशी अशी केली की आपण काही तरी चोरायला आलो आहोत असं मला स्वतःलाच वाटायला लागलं. मुख्याध्यापिका बाई साठीला आलेल्या, सुती साडीतल्या. साडी चांगल्या सुताची होती, हे मी पाहून घेतलं. शेजारी खेळाचे शिक्षक. मला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली.

स्नेहलने विजार टेबलावर ठेवली आणि त्यावर सदरा. लपवला नाही, छातीची बाजू वरच ठेवली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"इस्त्री जास्त तापली होती. माझ्याकडून झालं," स्नेहल म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. "तिच्याकडून नाही. माझ्याकडून."

"आपण?"

"मी वडील. यवतमाळला सुती कापडाचं दुकान आहे."

"म्हणजे आपल्याला कापडातलं कळतं."

"आज सकाळपर्यंत तसं वाटत होतं."

"हे बाटल्यांचं आहे, ते आपल्याला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. मी स्वतः जाऊन बाटल्या पाहिल्या. डोक्याला माहीत होतं, बाई. हाताला ते सुती वाटलं."

मला वाटलं, आपण कापडाची याहून मोठी तारीफ करू शकत नाही. बाईंनी चष्मा काढला. "छान. म्हणजे आमच्या पालकांच्या हातांनाही तसंच वाटणार. पहिल्याच सोमवारी निम्मा वर्ग छातीवर इस्त्री घेऊन प्रार्थनेला उभा राहील. आपण लक्षात आणून दिलंत ते बरं झालं."

स्नेहलचा चेहरा उतरला. खेळाच्या सरांनी विजार घडी करायला घेतली. मी तिथे गप्प बसलो असतो तर काम संपलं होतं. ती महिनाअखेर दुकानाच्या गादीवर बसली असती, आणि मी काही केलं असं कोणी म्हणालं नसतं. मला जे हवं होतं ते फक्त खाली बसल्याने मिळत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो हौद यायला लागला आणि मला खाली बसवेना.

"बाई, एक पेला पाणी मिळेल का?" मी म्हणालो.

शिपायाने पाणी आणलं. मी अर्धं सदऱ्याच्या पाठीवर ओतलं आणि अर्धं माझ्या अंगातल्या खादीच्या बाहीवर. "हा सदरा झटका आणि खिडकीला टांगा," मी सरांना म्हणालो. "माझी बाही माझ्यापाशी राहू द्या. जरा वेळ थांबू."

"किती वेळ?" बाई म्हणाल्या.

"चहा येईपर्यंत."

"इथे चहा सांगितलेला नाही." पण त्यांनी शिपायाला खूण केली.

चहा येईपर्यंत मी बोलत राहिलो. वर्गात बसायला हे कापड घेऊ नका, असं मी आधीच सांगितलं, तेव्हा स्नेहलने डोळे मिटून घेतले. वर्गात सुतीच घाला, यात मुलांना उन्हाळ्यात उकडेल. पण मैदानावर सुती घाम धरून बसतं, जड होतं, पावसाळ्यात तर दोन दिवस वाळत नाही. याला इस्त्री करायची गरजच नाही. धुतलं, झटकलं, टांगलं, झालं. मी इस्त्री केली ती बापाने लावलेल्या सवयीने. त्यात चूक माझ्या सवयीची आहे, कापडाची नाही.

चहा आला. छोट्या कपात, पण आलं घातलेला. पिऊन झाल्यावर बाई स्वतः खिडकीशी गेल्या. सदऱ्याची पाठ दोन्ही हातांनी चाचपली, ती जवळजवळ वाळली होती. मग माझ्याजवळ येऊन माझी बाही चिमटीत धरून वर उचलली. बाही चिंब होती, मनगटावरून पाणी कोपराकडे उतरत होतं.

"सर, आपण बघा," त्या म्हणाल्या. सरांनीही बघितलं. मग त्या स्नेहलकडे वळल्या. "पण लोक इस्त्री करणार. त्याचं काय?"

"आत मानेशी लेबल आहे, मॅम. केअर इन्स्ट्रक्शन्स असतात त्यावर."

बाईंनी ते उलटून पाहिलं. "इंग्रजीत. मुंगीएवढं. हे आपल्या वडिलांनी वाचलं का?"

"नाही."

"मग मराठीत करा. मोठ्या अक्षरात. इस्त्री करू नये, एवढंच. कृपया वगैरे नको. कृपया लिहिलं की लोक विचार करत बसतात." त्या खुर्चीत बसल्या. "फक्त खेळाचा गणवेश. सर मापं देतील. शाळा उघडायच्या आधी मिळायला हवेत, नंतर सबबी ऐकायला मला वेळ नसतो. आणि हा जळलेला इथेच ठेवून जा. पालकसभेत दाखवायला चांगला आहे."

बाहेर पडल्यावर शाळेच्या पायऱ्यांवर स्नेहल बसली. आधी हसली आणि मग रडायला लागली. मी ओली बाही वर करून शेजारी बसलो. येणारेजाणारे बघत होते आणि पुणेकर असल्यामुळे कोणी काय झालं म्हणून विचारत नव्हतं. त्या वेळी ते फार बरं वाटलं.

"सकाळी मी तसं विचारायला नको होतं," ती डोळे पुसून म्हणाली.

"बरोबरच विचारलंस," मी म्हणालो. मग सगळंच सांगून टाकलं. "मी तुले घरी न्यायले आलो होतो."

"माहीत आहे. तुम्ही गाडीत बसलात तेव्हाच आईने फोन केला होता."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "मंग माहीत असून मले हे सारं कायले दाखवत फिरलीस? ती शेड, ते लोणी, तो हौद?"

"दाखवलं नसतं तर तुम्ही एकटे परत गेला असता का, बाबा?"

नसतो गेलो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. संध्याकाळच्या गाडीला ती मला बसवायला आली, आणि मी एकटाच परत आलो.